नशेचे गुन्हे आणि शिक्षेची विषम वाटणी

सोलापूर परिसरातली दोन ठिकाणे नशेच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा येतात. पहिले चिंचोली एमआयडीसी. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी इथल्या एका औषध कंपनीवर छापा घालून कित्येक टन इफेड्रिन जप्त केले. पोलिसांनी त्याची किंमत दोन हजार कोटी रुपयांच्या घरात सांगितली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने याच वसाहतीत मेफेड्रोन तयार करणारा कारखाना पकडला. दुसरे ठिकाण दक्षिण सोलापूर तालुक्यातला मुळेगाव तांडा. तिथली बातमी ठरलेली असते: हातभट्टीवर धाड, इतके लिटर गूळमिश्रित रसायन जागीच नष्ट, इतक्या जणांवर गुन्हा.

एकीकडे परवाने, गोदामे, निर्यातीची कागदपत्रे आणि नामांकित वकील आहेत. दुसरीकडे पत्र्याचे बॅरल, गूळ, नवसागर आणि जामीनदार शोधत फिरणारे नातेवाईक आहेत. नशेच्या गुन्ह्यात शिक्षा करताना कायदा सगळ्यांना एकाच मापाने मोजतो का, हा प्रश्न अमेरिकेत वंशाच्या आणि लिंगाच्या संदर्भात विचारला जातो. आपल्याकडे तो जात, जमात, गरिबी आणि बाईपण यांच्या संदर्भात विचारायला हवा. सोलापूरकरांना तर तो टाळता येणारच नाही. जन्मावरून शिक्षा ठरवणाऱ्या कायद्याची एक मोठी वसाहत याच शहरात होती.

इतरांनी काय मोजले

अमेरिकेने १९८६ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात क्रॅक कोकेन आणि भुकटी कोकेन यांच्यात १ ला १०० असा भेद केला. पाच ग्रॅम क्रॅकला जी किमान शिक्षा, तीच भुकटीच्या बाबतीत पाचशे ग्रॅमला. पदार्थ मुळात एकच होता. पण क्रॅकच्या खटल्यांत प्रामुख्याने गरीब वस्त्यांतले कृष्णवर्णीय सापडत. कायद्यात वंशाचा उल्लेख कुठेही नव्हता, तरी वजनाच्या तक्त्याने वंशभेदाचे काम केले. हे प्रमाण १ ला १८ वर यायला २०१० साल उजाडले.

तिथल्या संघराज्यीय शिक्षा आयोगाने २०२३ मध्ये पाच वर्षांच्या निकालांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्व प्रकारचे गुन्हे धरून, गुन्ह्याचे स्वरूप आणि पूर्वेतिहास लक्षात घेऊनही, कृष्णवर्णीय पुरुषांना गोऱ्या पुरुषांपेक्षा १३.४ टक्के जास्त मुदतीच्या शिक्षा झाल्याचे त्यात दिसले. स्त्रियांच्या शिक्षा पुरुषांपेक्षा २९.२ टक्क्यांनी कमी होत्या. इंग्लंडच्या शिक्षाविषयक परिषदेने २०२० मध्ये खास अमली पदार्थांच्या पुरवठ्याचे गुन्हे तपासले, तेव्हा तिथेही गोऱ्यांपेक्षा आशियाई आणि कृष्णवर्णीय आरोपींना तुरुंगवास होण्याची शक्यता जास्त निघाली.

दोन्ही देशांत हे कळले, कारण सरकारी यंत्रणेने स्वतः मोजणी केली आणि आकडे लोकांपुढे ठेवले. आपल्याकडे पहिली उणीव तिथेच आहे. त्याआधी सोलापूरचा इतिहास पाहू.

जन्मावरून शिक्षा

गुन्हेगार जमाती कायदा १८७१ मध्ये आला. १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्याला लागू झाला आणि त्यानंतर सोलापुरात उमेदपूरची वसाहत उभी राहिली. पारधी, कैकाडी, भामटा, टकारी, कंजारभाट अशा जमातींच्या कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवले गेले. हजेरी सक्तीची, बाहेर जायला पास. दिवसा गिरण्यांना मजूर पुरवायचे आणि रात्री त्याच मजुरांना कुंपणात मोजून घ्यायचे, अशी ती व्यवस्था. आजही शहरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ या नावाने वस्त्या आहेत. तिथली माणसे पत्ता सांगतात तेव्हा तो इतिहासही सोबत सांगितला जातो.

या कायद्यातली हजेरी सगळ्यांना माहीत आहे. त्याचे कलम २३ मात्र फारसे चर्चेत येत नाही. नोंदलेल्या जमातीची व्यक्ती ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरली, तर किमान सात वर्षे कारावास आणि तिसऱ्यांदा ठरली तर जन्मठेप काळे पाणी. यातून सूट द्यायची तर न्यायाधीशाने विशेष कारणे नोंदवायची. त्याच गुन्ह्यात जमातीबाहेरच्या माणसाला ही तरतूद लागू नव्हती. शिक्षेतला भेद असा थेट कायद्याच्या पुस्तकात छापलेला होता.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. त्याच सुमारास जागोजागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. त्यात जमातीचे नाव नाही, व्यक्तीचा पूर्वेतिहास आहे. पण ज्याच्या वस्तीवर पोलिसांची नजर पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्याचाच पूर्वेतिहास आधी तयार होतो. सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके अध्यक्ष असलेल्या राष्ट्रीय आयोगाने २००८ च्या अहवालात भटक्या-विमुक्तांच्या नशिबी आलेला हा संशय नोंदवला होता.

कबुलीची साखळी

महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा १९४९ चा. सोलापूरच्या तांड्यांवर आणि वस्त्यांवर रोज जो कायदा चालतो तो हाच. धाड पडते तेव्हा काय होते ते पाहा. रसायनाचे बॅरल जागीच उलथवले जातात, नमुन्यापुरती बाटली भरून सीलबंद होते, पंचनामा होतो आणि कलम ६५ ची उपकलमे लावून गुन्हा नोंदला जातो. भट्टीला गूळ, नवसागर आणि भांडवल पुरवणारा तिथे नसतो. पक्का माल शहरात नेणारा गाडीवालाही नसतो. सापडतो तो चुलीला लाकूड लावणारा. कित्येकदा ती बाईच असते, कारण पुरुष शेताच्या दिशेने पळालेला असतो आणि ती लेकरे टाकून पळू शकत नाही.

नंतर न्यायालयात तारखा सुरू होतात. एका तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते, वर जाण्यायेण्याचे भाडे. किरकोळ प्रकरणात दंड भरून मोकळे होणे स्वस्त पडते, म्हणून ‘गुन्हा कबूल’ म्हटले जाते. त्या क्षणी ही शिक्षा छोटी वाटते. खरी किंमत पुढे मोजावी लागते. अशा नोंदी साठत जातात आणि माणूस ‘सराईत’ होतो. मग चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र, तडीपारीची नोटीस आणि शेवटी एमपीडीए. १९८१ च्या या कायद्याच्या मराठी नावातच ‘झोपडपट्टी दादा’ आणि ‘हातभट्टीवाले’ हे शब्द आहेत. त्याखाली खटला न चालवता बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येते. 

मुंबईतही हेच चित्र दिसते. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांनी निकाली काढलेली अमली पदार्थांची दहा हजारांवर प्रकरणे तपासली. जवळपास सगळी स्वतः सेवन केल्याची होती आणि त्यांत गांजाची सर्वाधिक. शिक्षा झालेले बहुतेक जण रोजंदारीवर जगणारे, झोपडपट्टीत वा रस्त्यावर राहणारे होते आणि त्यांनी गुन्हा कबूल केला होता. मध्य प्रदेशात भोपाळच्या क्रिमिनल जस्टिस अँड पोलिस अकाउंटेबिलिटी प्रोजेक्टने अबकारी कायद्याची अंमलबजावणी अभ्यासली, तेव्हा मोहाच्या दारूसाठी कुचबंदिया या विमुक्त जमातीच्या लोकांवर, विशेषतः बायकांवर, होणारी कारवाई ठळकपणे पुढे आली. बंद दाराआड चालणारी नशा पोलिसांच्या नजरेला सहसा पडत नाही. फुटपाथवरची चिलीम लगेच दिसते.

वजनाचा तराजू

गांजा, चरस, हेरॉइन, मेफेड्रोन यांच्यासाठी १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. २००१ च्या दुरुस्तीपासून शिक्षा वजनावर ठरते. गांजा एक किलोपर्यंत असेल तर अल्प मात्रा, शिक्षा एक वर्षापर्यंत. वीस किलोपेक्षा जास्त असेल तर व्यापारी मात्रा; शिक्षा किमान दहा वर्षे, कमाल वीस, आणि दंड किमान एक लाख रुपये. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत.

वरवर पाहता हा तराजू आंधळा आणि म्हणून न्याय्य वाटतो. पण आंध्र-ओडिशा सीमेवरून हैदराबाद-सोलापूर-पुणे या वाटेने येणारा गांजा कोणाच्या हातात सापडतो? ज्याला फेरीचे पैसे मिळतात त्या वाहकाच्या. माल त्याचा नसतो, नफाही त्याचा नसतो, पण वजन सगळे त्याच्या नावावर चढते. २०२० च्या हिरा सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की भेसळीसह सगळ्या मिश्रणाचे वजन धरायचे. एकवीस किलोची पिशवी पकडली गेली की न्यायाधीशाला दहा वर्षांच्या खाली उतरता येत नाही. आरोपी टोळीचा प्रमुख आहे की हमाल, याने किमान शिक्षा बदलत नाही. कलम ३२ ब मध्ये विचारात घ्यायच्या ज्या बाबी दिल्या आहेत, त्या किमान शिक्षेपेक्षा जास्त शिक्षा देण्यासाठी आहेत. कमी करण्यासाठी एकही नाही.

आता चिंचोलीकडे पाहा. इफेड्रिन हे कायद्याच्या भाषेत ‘नियंत्रित पदार्थ’. त्याच्या नियमभंगाला कलम २५ अ लागते. तिथे शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे, किमान शिक्षा नाही आणि अल्प-व्यापारी मात्रेची पायरीही नाही. कलम ३७ मधली जामिनाची कडक अट व्यापारी मात्रेच्या आणि काही ठरावीक गुन्ह्यांना लागू होते, एकट्या २५ अ ला नाही. कट किंवा अर्थपुरवठा अशी जोडीची कलमे लागली की चित्र बदलते हे खरे. तरीही टनावारी कच्च्या मालाला कायद्याने जी मोकळी जागा ठेवली, ती एकवीस किलोच्या पिशवीला ठेवलेली नाही. २०१६ च्या त्या प्रकरणात एका माजी अभिनेत्रीविरुद्धचा गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुराव्याअभावी रद्द केला. पुरावा नसेल तर गुन्हा रद्द व्हायलाच हवा. पण आठ वर्षे उच्च न्यायालयापर्यंत लढायची ताकद पिशवीवाल्या हमालाकडे नसते, हेही सांगायला हवे.

दंडाचेही तेच. एक लाखाचा दंड भरणाऱ्याला भुर्दंड, न भरणाऱ्याला आणखी तुरुंग. शांतिलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२००७) आणि गुजरातमधल्या पठाण प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने गरिबी लक्षात घेऊन दंड न भरल्याबद्दलची तीन वर्षांची कैद सहा महिन्यांवर आणली. म्हणजे गरिबीची तीन वर्षे होतात हे न्यायालयाने पाहिले. तरीही केंद्राने २०२३ मध्ये गरीब कैद्यांच्या जामीन आणि दंडासाठी जी साहाय्य योजना आणली, तिच्यातून एनडीपीएसचे आरोपी वगळले गेले.

बाई आणि कायदा

संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या जागतिक अमली पदार्थ अहवालानुसार जगभरातल्या स्त्री कैद्यांपैकी सुमारे ३५ टक्के अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी तुरुंगात होत्या. पुरुषांत हे प्रमाण १९ टक्के होते. साखळीत बाईची जागा बहुधा खालची असते: वाहक, साठवणूक करणारी, पुड्या बांधणारी. भारतात २०२२ च्या अखेरीस एकूण ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी २३,७७२ स्त्रिया होत्या, म्हणजे शंभरात चार. संख्या कमी, म्हणून त्यांचा विचारही कमी होतो. जिल्हा कारागृहात सोय अपुरी पडली की त्यांना दूरच्या कारागृहात हलवतात आणि मग लेकरांची भेट महाग होते. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ राहू शकते, त्यानंतर ताटातूट.

जामिनाच्या सर्वसाधारण कायद्यात स्त्री, आजारी व्यक्ती आणि अल्पवयीन यांना सवलतीची तरतूद आहे. मनी लॉन्ड्रिंगच्या कायद्याची जामिनाची अट अत्यंत कडक. तिच्यातही स्त्रियांसाठी अपवाद लिहिलेला आहे. एनडीपीएसच्या कलम ३७ मध्ये मात्र तो नाही. कोट्यवधींच्या आर्थिक गुन्ह्यातल्या स्त्रीला जी वाट आहे, ती नवऱ्याच्या सांगण्यावरून बॅग उचलणाऱ्या बाईला नाही. ही विसंगती संसदेने दूर करायला हवी.

घरात माल सापडला तर आणखी एक अडचण येते. कलम ३५ आणि ५४ प्रमाणे आरोपीला जाणीव होती असे न्यायालय गृहीत धरते आणि नव्हती हे आरोपीने सिद्ध करायचे असते. माळ्यावर नवऱ्याने काय ठेवले हे विचारण्याची ज्या घरात सोय नाही, तिथल्या बाईने आपले अज्ञान सिद्ध कसे करायचे? झडतीच्या वेळी तिला संरक्षण आहे. कलम ५० प्रमाणे स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची. पण २००५ च्या पवनकुमार निकालानंतर कलम ५० अंगझडतीपुरतेच राहिले; हातातल्या पिशवीला ते लागू नाही.

इथे दुसरी बाजूही मांडायला हवी. दारूने संसार उद्ध्वस्त होतात तेही बायकांचेच. ‘आडवी बाटली’साठी मतदान करून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांनी दुकाने बंद पाडली आहेत. त्यांना कारवाई हवी आहे, आणि ती मागणी रास्त आहे. विषमतेवर बोट ठेवणे म्हणजे भट्ट्या चालू द्या म्हणणे नव्हे. माझे म्हणणे एवढेच, की भट्टीमागच्या पैशाला हात न लावता चुलीपुढच्या बाईला पुन्हा पुन्हा आरोपी करून ना दारू थांबते, ना न्याय होतो.

जातीचा रकाना

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने तुरुंगातली जातीवरची कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार समजणाऱ्या कारागृह नियमावल्यांवर कठोर टीका केली आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढायला सांगितले. त्याच वर्षी मे महिन्यात अमानतुल्ला खान प्रकरणातही, मागास जाती-जमातींच्या निरपराध लोकांची नावे केवळ पूर्वग्रहाने पोलिसांच्या इतिहासपत्रकांत चढत असल्याची चिंता न्यायालयाने व्यक्त केली होती.

हे निकाल स्वागतार्हच. पण त्यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग कैद्यांच्या सामाजिक प्रवर्गाचे आकडे वेगळे देतो आणि गुन्ह्यांचे आकडे वेगळे. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास वर्ग मिळून देशातल्या कैद्यांचा सुमारे दोन तृतीयांश भाग होतो, एवढे कळते. पण एकाच वजनाच्या गांजासाठी कोणत्या समाजाच्या माणसाला किती शिक्षा झाली, जामीन किती दिवसांनी मिळाला, वकील होता का, हे त्या तक्त्यांत मिळत नाही. महाराष्ट्रातले विमुक्त तर राष्ट्रीय पातळीवर कुठे अनुसूचित जातीत, कुठे इतर मागासांत विरघळून जातात. जातीची नोंद शिपायाच्या, जेलरच्या हाती राहिली तर कलंक लागतो; ती कुठेच नसेल तर अन्याय अदृश्य होतो. यावर उपाय आहे. नाव वगळून, कारागृह आणि पोलीस ठाण्याच्या वहीपासून वेगळी, अशी गोपनीय माहिती न्यायव्यवस्थेनेच गोळा करावी आणि दरवर्षी फक्त एकत्रित तक्ते प्रसिद्ध करावेत.

शिक्षेच्या मार्गदर्शक तत्त्वांची मागणीही जुनी आहे. २००३ मध्ये मलिमठ समितीने आणि २००८ मध्ये माधव मेनन समितीने ती केली. सोमन विरुद्ध केरळ राज्य या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही उणीव पुन्हा बोलून दाखवली, आणि ते प्रकरण होते गावठी दारूचे! एवढी वर्षे होऊनही ती तत्त्वे कायद्यात आलेली नाहीत.

काय करता येते

काही दारे उघडीही आहेत. तोफान सिंग (२०२०) निकालाने एनडीपीएसखाली तपास करणाऱ्या अधिकाऱ्यापुढच्या कबुलीजबाबावर शिक्षा देण्याची वाट बंद केली. मोहम्मद मुस्लिम (२०२३) प्रकरणात सात वर्षांहून जास्त काळ कोठडीत असलेल्या आरोपीला जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने खटल्यातल्या विलंबाला महत्त्व दिले. एनडीपीएसची कलमे ३९ आणि ६४ अ व्यसनी माणसाला शिक्षेऐवजी उपचारांकडे वळवू देतात; ती कलमे फारच कमी वापरली जातात.

सोलापुरात २०२१ मध्ये तत्कालीन ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केले. मुळेगाव तांड्यासारखी गावे अधिकाऱ्यांना दत्तक दिली, धाडींबरोबर समुपदेशन केले आणि भट्टी सोडणाऱ्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून देण्याचा प्रयत्न केला. गुन्हा नोंदवणाऱ्या खात्यानेच कबूल केले की पोट भरायची दुसरी सोय झाल्याशिवाय भट्टी विझत नाही. हा विचार अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर बदलू नये. जिल्हा नियोजनात त्याला कायमची तरतूद हवी.

जगभरच्या अभ्यासांतून आणि आपल्या कायद्यांतून मला एकच निष्कर्ष निघताना दिसतो. नशेच्या गुन्ह्यातली विषमता न्यायाधीशाच्या लेखणीतून जितकी येते, त्याहून कितीतरी जास्त ती आधीच ठरलेली असते: धाड कुठे पडली, कलम कोणते लागले, वजन कोणाच्या नावावर चढले, जामीनदार मिळाला का, कबुली कोणी दिली. त्यामुळे निव्वळ न्यायाधीशांना दोष देऊन भागणार नाही.

विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला, अनुसूचित जाती-जमातीच्या प्रत्येकाला आणि कोठडीत असलेल्या प्रत्येक माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्याभरात जामीनदार मिळाला नाही, तर आरोपीला निर्धन मानून जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद कायद्यात आहे. सोलापूरच्या वकिलांनी, विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी आणि भटक्या-विमुक्तांच्या संघटनांनी तांड्यांवर, सेटलमेंटच्या वस्त्यांत आणि जिल्हा कारागृहात जाऊन हे दोन हक्क सांगावेत, आणि ‘गुन्हा कबूल’ म्हणण्याआधी प्रत्येकाला वकिलाशी बोलता येईल याची खात्री करावी. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही.